पुंगळी रशियाची, रायफल ऑस्ट्रियाची: ७.६२×५४आर पासून ८×५०आर मानलिखर

ओहायोकर (धागाकर्ता), शनिवार सकाळ

नमस्कार मंडळी. इथे घड्याळांवर, फाउंटन पेनांवर, जुन्या रेडिओंवर धागे आहेत, पण काडतुसांच्या पितळेवर एकही सापडला नाही, म्हणून हा काढतोय. (पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, ज्यात दारू आणि गोळी बसते. शीर्षकातल्या आकड्यांत पहिला साधारण गोळीचा व्यास, दुसरा पुंगळीची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, आणि 'आर' म्हणजे बुडाला कड असलेली.) ज्यांना बंदुकांचा तिटकारा आहे त्यांनी याकडे धातुकामाचा धागा म्हणून पाहिलं तरी चालेल. नव्वद टक्के मजकूर तोच आहे.

माझ्याकडे स्टायर कारखान्याची एम९५ मानलिखर रायफल आहे, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातली. बोल्ट फिरवायचा नाही, सरळ मागे ओढायचा. बॅरलच्या बुडाशी दुतोंडी गरुडाचा शिक्का आहे आणि त्याच्या बाजूला 'डब्ल्यूएन' आणि '१६'. म्हणजे १९१६ साली व्हिएन्नात तपासून सैन्यात दाखल झालेली. १९३० नंतर ऑस्ट्रिया आणि हंगेरी दोघांनीही यातल्या बहुतेक रायफलींचं चेंबर (बॅरलच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा) ८×५६आर या लांब काडतुसाचं करून घेतलं. तशा रायफलीवर ठळक 'एस' किंवा 'एच' ठोकलेला असतो. माझ्या रायफलीवर तो नाही. तरी शिक्क्यावर विश्वास न ठेवता सेरोसेफ नावाची मिश्रधातू वितळवून चेंबरचा ठसा घेतला (ती ८० अंशांच्या आसपास वितळते, थंड झाल्यावर आधी आकसते, मग हळूहळू फुगते आणि साधारण तासाभरानं खरं माप देते). चेंबर जुनंच निघालं, ८×५०आर.

आता हे काडतूस इथे अमेरिकेत दुकानात मिळत नाही. गंमत म्हणजे मी वाढलो खडकीत. तिथल्या १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्यात '.३१५' नावाचं शिकारी काडतूस बनतं, बुडावर 'केएफ' असा ठसा. त्या .३१५ची पुंगळी म्हणजे हीच, ८×५०आर मानलिखर! ज्या पितळेसाठी मी इथे धडपडतोय ते आमच्या जुन्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर तयार होतं आणि इकडे आणायची सोय नाही. (खिशात एखादी रिकामी पुंगळी टाकून विमानतळावर जायचा विचारही कुणी करू नका. उत्तरं देता देता विमान सुटेल.)

तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी पुंगळीला ठोकूनपीटून हा आकार द्यायचा. मी निवडली ७.६२×५४आर, रशियाची, १८९१ सालची. अजून जगभर बनते, आणि तिची नवी कोरी बॉक्सर पितळ इथे सहज मिळते. निवड कशावरून केली ते लिहितो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

पुंगळीची मान, खांदा, तोंड हे सगळं बदलता येतं. मान फाकवता येते, आवळता येते, खांदा मागे ढकलता येतो, लांबी कापता येते. बूड मात्र जसं आलं तसंच राहतं. तिथलं पितळ जाड आणि कडक असतं, ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, कारण स्फोटाचा दाब मागच्या बाजूनं तेच अडवतं. म्हणून शोध बुडापासून सुरू करायचा: ८×५०आर चं बूड सुमारे १२.५ मिमी, ५४आर चं सुमारे १२.४. कड, म्हणजे रिम, एकाची साधारण १४.१ आणि दुसऱ्याची १४.४. बूड किंचित बारीक, कड किंचित मोठी. दोन्ही बाबतीत निभावतं. लांबी ५३.७ ची ५० वर आणायची, म्हणजे कापायची. जास्त असेल तर कापता येतं, कमी असेल तर जोडता येत नाही, त्यामुळे हेही आपल्या बाजूचं.

आणखी एक सोय. नाव ७.६२ असलं तरी रशियन गोळी प्रत्यक्षात ७.९ च्या आसपास असते. माझी हवी ८.२. म्हणजे मान जेमतेम ०.३ मिमी फाकवायची आहे. अमेरिकन .३०-०६ पुंगळीवरून जर्मन ८×५७ करताना जो त्रास होतो त्याच्या मानानं हे काहीच नाही.

कुणी हे केलं असेल तर अनुभव लिहा. ॲनिलिंगबद्दल, म्हणजे ताव देऊन पितळ मऊ करण्याबद्दल, विशेष हवं आहे.

खवचट

शीर्षक वाचून वाटलं पुंगीवाल्या गारुड्यावर धागा आहे. वाचतोय. खडकीचा माणूस ओहायोत बसून खडकीचंच पितळ बनवतोय, याला म्हणतात घरवापसी. (हलके घ्या.)

नवखा_नेमबाज

दोन शंका. बॉक्सर पितळ म्हणजे काय? आणि ८×५०आर नावाची पितळ मला इथल्या (न्यू जर्सी) एका दुकानाच्या यादीत दिसली, मग ओहायोकर एवढा खटाटोप का करतायत?

ओहायोकर

यादीत 'लेबेल' असं लिहिलंय का पाहा. ते फ्रान्सचं ८×५०आर. नाव तेच, पुंगळी अगदी वेगळी. तिचं बूड १३.८ आणि कड १६ मिमी. माझ्या चेंबरमध्ये शिरणारच नाही.

लेबेलचा इतिहास या धाग्याला चपखल आहे. १८८६ साली फ्रान्सनं बिनधुराची दारू आणली आणि घाईघाईत काडतूस हवं होतं. नवं काही आखण्याऐवजी त्यांनी जुन्या ११ मिमी ग्रासच्या पुंगळीचं बूड घेतलं आणि मान ८ मिमीवर आवळली. त्यामुळे ती पुंगळी अशी दोनदा निमुळती, बेढब दिसते. बिनधुराच्या दारूचं पहिलं लष्करी काडतूसच मुळात दुसऱ्या पुंगळीतून काढलेलं आहे.

बॉक्सर पुंगळीच्या तळाला मधोमध एकच भोक असतं, सुईनं ढकलून जुना प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) काढता येतो. बर्डन प्रकारात दोन बारीक भोकं बाजूला असतात, त्यामुळे घरी पुन्हा वापरणं जिकिरीचं. बॉक्सर इंग्रज होता आणि त्याची पद्धत अमेरिकेत रुजली. बर्डन अमेरिकन होता आणि त्याची युरोपात. जुन्या रशियन लष्करी पुंगळ्या बहुतेक लोखंडी आणि बर्डन असतात. त्या या कामाच्या नाहीत.

संपादक

धागा ठेवत आहोत. दोन सूचना. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं किंवा भरणं हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे, 'घरातल्या घरात, हौसेसाठी' ही सबब चालत नाही. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. दुसरं, दारूची मापं या धाग्यात कुणीही लिहू नयेत. ती छापील डेटातूनच घ्यावीत. मापं लिहिलेले प्रतिसाद उडवले जातील.

धातुशास्त्री

ओहायोकर, ॲनिलिंगबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. निवृत्त आहे, वेळ आहे, तेव्हा लांबण लागेल.

काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. हे पितळ थंड असताना दाबलं, ओढलं, ठोकलं की कडक होत जातं. पुण्याच्या तांबट आळीत जाऊन मठारकाम पाहिलंत तर हेच दिसेल. तांबट भांडं घडवताना मधेमधे ताव देतो, कारण ठोकून कडक झालेला पत्रा पुढे वाकत नाही, फाटतो. शेवटची मठार मात्र ताव न देता मारतो, कारण तयार भांड्याला तो कडकपणा हवाच असतो. पुंगळीत हे दोन्ही एकाच नगात लागतं, वर मऊ आणि खाली कडक. कारखान्यातही तसंच करतात. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी पट्टा दिसतो तो ॲनिलिंगचा डाग. बाजारी काडतुसावर तो पॉलिश करून घालवतात, एवढाच फरक.

घरी करताना मान आणि खांदा काही सेकंदांत साधारण ४०० अंशांपर्यंत जायला हवा. अंधाऱ्या खोलीत मान जेमतेम लालसर दिसू लागली की ज्योत बाजूला. लखलखीत लाल झाली तर पितळ मेलं समजा, ती पुंगळी भंगारात. तापमान दाखवणारा रंग मिळतो, तो खांद्याच्या खाली लावा म्हणजे उष्णता कुठवर उतरली ते कळतं. बूड पाण्यात बुडवून ठेवा.

लोखंडकाम केलेल्यांची एक समजूत असते की गरम धातू पाण्यात टाकला की कडक होतो. पोलादाचं तसं आहे, पितळेचं नाही. इथे पाण्याचा उपयोग फक्त उष्णता बुडाकडे उतरू नये एवढाच.

आणि हे ठळक अक्षरात वाचा: बूड कधीही तापवायचं नाही. भट्टीत सगळी पुंगळी टाकून 'एकसारखं ॲनिल' करणारे महाभाग असतात. मऊ बुडाची पुंगळी उडवली की गॅस मागे येतो, आणि मागे नेमबाजाचा चेहरा असतो.

लेथवाला

काका, एकदम पटलं. आमच्याकडे भोसरीत पितळी जॉब दिवसभर चालतात, पण ३० टक्के जस्तवालं पितळ टर्निंगला चिवट. फ्री कटिंगच्या पितळेत शिसं असतं म्हणून चिप्स मस्त सुटतात. पुंगळीत शिसं नाही, म्हणून ते ओढायला छान आणि कापायला नखरेल. लांबी कापताना टूल धारदार ठेवा, नाहीतर तोंडाला बर (खरबरीत कंगोरा) येईल.

रानवाटा

चंद्रपूरकडचा आहे. आमच्याकडे आजोबांपासून .३१५ आहे, परवाना आता वडिलांच्या नावावर. गावात सगळे 'तीनशे पंधरा'च म्हणतात. ही मूळची ऑस्ट्रियाची पुंगळी आहे हे आज कळलं! आम्ही ती इंग्रजांची समजत होतो. पण मग ऑस्ट्रियाचं काडतूस भारतात आलं कसं?

इतिहासवेडा

रानवाटा, तुमच्या प्रश्नानं माझ्या आवडीचा विषय निघाला.

इंग्रज सरकारची भीती साधी होती. फौजेच्या रायफलीत बसणारं काडतूस बाजारात मोकळं मिळालं तर ते फितुरांच्या आणि सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हाती जाणार. म्हणून .३०३ खासगी लोकांना मिळेना. शिकाऱ्यांना, जमीनदारांना मग .३०३ सारखंच काम देणारं, पण फौजेच्या रायफलीत न बसणारं काहीतरी हवं होतं. मानलिखरचं ८×५०आर तसं होतं: तेवढाच ताकदवान, कड असलेलं, ली पद्धतीच्या (फौजेच्या .३०३ रायफलीसारख्या) बोल्टमध्ये बसवता येणारं. बीएसए या इंग्रज कंपनीनं भारतासाठी .३१५ च्या शिकारी रायफली काढल्या. स्वातंत्र्यानंतर आपल्या ऑर्डनन्स कारखान्यांनी तीच परंपरा चालवली. .३०३ आजही प्रोहिबिटेड बोअर (साध्या परवान्यावर न मिळणारं माप) आहे आणि .३१५ नाही. नाव .३१५ इंच का, तर ८ मिमी म्हणजे तेवढेच इंच.

त्याच काळात .४५० वरही बंदी आली. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा व्यास तो, त्यामुळे तीच भीती. हत्ती-गव्याच्या शिकारीच्या मोठ्या रायफली तेव्हा .४५० च्याच असत, आणि कलकत्ता-मुंबईच्या गिऱ्हाईकांवर लंडनच्या बंदूकवाल्यांची चूल पेटत होती. त्यांनी काय केलं? मोठी .५०० ची पुंगळी घेतली, मान आवळली आणि .४५० पेक्षा जरा जाड गोळी बसवली. हॉलंड अँड हॉलंडचं .५००/४६५ असंच १९०७ साली आलं. आधी मूळ पुंगळी, मग गोळी, असं ते नावातच लिहीत. मार्टिनीचं .५७७/४५० पण तसंच, त्याआधीच्या स्नायडर रायफलीची .५७७ पुंगळी लांबवून आणि आवळून .४५०. ओहायोकर गॅरेजमध्ये जे करतायत ते लंडनवाल्यांनी हिंदुस्थान सरकारच्या एका हुकुमापायी कारखानाभर केलं.

अवांतर: अमेरिकेत २००३ नंतर नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातल्या मार्टिनी-हेन्री मोठ्या संख्येनं विकायला आल्या. त्यांच्यासाठी लोक २४ बोअरच्या पितळी शॉटगन पुंगळीतून .५७७/४५० बनवतात. त्या मानानं ओहायोकरांचं काम म्हणजे पोरखेळ.

खवचट

म्हणजे गोऱ्या साहेबानं बंदी घातली आणि गोऱ्या बंदूकवाल्यानं पळवाट काढली. काही गोष्टी सनातन आहेत.

स्वाती_टेक्सास

मी काही वर्षं .३०० ब्लॅकआउट नावाचं काडतूस बनवते आहे, ५.५६ या लष्करी काडतुसाच्या पुंगळ्यांतून. ती पुंगळी ४४.७ मिमी, खांद्याच्या खाली कापून ३४.७ वर आणायची आणि डायमधून (आकार देणाऱ्या पोलादी साच्यातून) काढायची. म्हणजे जुन्या पुंगळीचं अंग नव्या पुंगळीची मान होतं. ओहायोकर, तुमच्यापेक्षा माझं काम उलट्या दिशेचं, पण तीन गोष्टी दोन्हीकडे लागू आहेत.

पहिली, मानेची जाडी. अंग मानेपेक्षा जाड असतं, त्यामुळे माझ्या पुंगळीची मान जाड होते. सगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्या सारख्या जाडीच्या नसतात, काही तर या कामाला चालतच नाहीत. गोळी बसवल्यावर मानेचा बाहेरचा व्यास मोजायचा आणि चेंबरच्या मानेशी ताडायचा. अंतरच उरलं नाही तर गोळी सुटताना मानेला फाकायला जागा मिळत नाही, पुंगळी गोळीला धरून ठेवते आणि दाब भलताच चढतो. तुमची मान फाकताना थोडी पातळ होणार, त्यामुळे तुम्ही बहुतेक सुटाल. तरी मोजा.

दुसरी, खांदा मागे ढकलला की जुन्या खांद्याचा जाड भाग मानेच्या मुळाशी येतो आणि आतल्या बाजूला कडं धरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. गोळी खोल बसवली की ती त्या कड्यात अडकते. ते कडं रीमरनं आतून खरवडून काढावं लागतं, किंवा गोळी तिथवर जाणारच नाही इतकी वर बसवायची.

तिसरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित: बुडावरचा ठसा आता खोटं बोलतो. माझ्या पुंगळीवर ५.५६ लिहिलेलं आहे आणि आत ७.८ मिमीची गोळी आहे. असं काडतूस चुकून ५.५६ च्या रायफलीत गेलं तर काही वेळा बोल्ट बंदही होतो. मग रायफल फुटते. असे प्रकार घडलेले आहेत. मी डबे वेगळे ठेवते, मॅगझिन वेगळ्या रंगाच्या ठेवते, आणि दोन्ही रायफली एकाच वेळी रेंजवर नेत नाही. तुमच्या पुंगळीवर ७.६२×५४आर असणार. घरात मोसिन-नागां (ते काडतूस उडवणारी रशियन रायफल) आहे का?

ओहायोकर

स्वातीताई, मोसिन आहे. बरं झालं आठवण करून दिलीत. बुडावर कायमच्या शाईनं पट्टा ओढायचं ठरवलंय आणि डब्यावर मराठीत लिहायचं. इथे ते माझ्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही हे खरं, म्हणून खाली इंग्रजीतही.

धातुशास्त्री काका, मनापासून आभार. एक शंका. मान फक्त ०.३ मिमी फाकवायची आहे आणि पुंगळ्या नव्या आहेत, कारखान्यातून ॲनिल होऊनच आलेल्या. तरी आधी ताव द्यावा का?

धातुशास्त्री

फाकवण्यासाठी गरज नाही, निमुळता एक्स्पांडर (मान फाकवणारा दांडा) आणि मानेच्या आत थोडं वंगण एवढ्यावर भागेल. पण त्यानंतर तुम्ही खांदा मागे ढकलणार, मान पुन्हा डायमधून काढणार, मग उडवणार, मग पुन्हा डाय. प्रत्येक पायरीला कडकपणा चढत जातो. म्हणून सगळं आकारकाम झाल्यावर एकदा ताव द्या. आधीचा ऐच्छिक, नंतरचा द्याच.

नंतरचा का, याचं उत्तर आपल्याच देशात सापडलं आहे. ब्रिटिश फौज पावसाळ्यात मोहिमा थांबवायची आणि काडतुसं घोड्यांच्या तबेल्यांत साठवून ठेवायची. पाऊस सरल्यावर पेट्या उघडल्या तर काडतुसांना चिरा गेलेल्या. चिरा कुठे, तर गोळीवर मान आवळलेली असते नेमकी तिथे. कुणाला कारण कळेना. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडा केला: घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा, आणि थंड दाबकामामुळे पितळेत अडकून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ आपोआप चिरतं. आमच्या पुस्तकांत याला सीझन क्रॅकिंग म्हणतात, तो सीझन म्हणजे आपला पावसाळा. उपाय सोपा होता, ताव देऊन ताण काढायचा.

तुम्ही पुंगळीचा आकार बदलता तेव्हा हाच ताण पुन्हा भरता. तुमच्याकडे घोडे नसतील, पण पितळ चकचकीत करायच्या काही बाजारी पॉलिशमध्ये अमोनिया असतो. ते पुंगळीला लावू नका. साबणाचं पाणी आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड पुरे. मग खळखळून धुऊन पूर्ण वाळवा.

रानवाटा

काका, हे भारी आहे. वडिलांकडे एक जुना डबा आहे .३१५ चा, काही काडतुसांच्या मानेवर केसासारख्या रेघा दिसतात. गोठ्याच्या माळ्यावर होता तो डबा. योगायोग?

धातुशास्त्री

गोठा म्हणजे अमोनिया आलाच. फोटो न पाहता निदान करणार नाही, पण चिरलेल्या मानेचं काडतूस वापरू नये हे सांगायला फोटो लागत नाही.

इतिहासवेडा

आणि घरी तोडफोड करून गोळी-दारू वेगळी करायला जाऊ नका. डबा परवान्यासह जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. पावती घ्या, परवान्यावरच्या नोंदीशी आकडा जुळायला हवा, नाहीतर नूतनीकरणाच्या वेळी भलताच खुलासा करत बसाल.

नवखा_नेमबाज

फायर फॉर्मिंग म्हणून काही असतं असं वाचलं. त्यात रवा घालतात म्हणे? माझी कुणी फिरकी घेतलीय का?

स्वाती_टेक्सास

फिरकी नाही, खरं आहे. 😀 काही पुंगळ्यांचा खांदा पुढे फुगवायचा असतो, ते डायनं होत नाही. डाय आत दाबते, बाहेर फुगवत नाही. फुगवायचं काम चेंबरमध्ये दाबानंच करावं लागतं. गोळी वाया घालवण्याऐवजी काही जण थोडी पिस्तुलाची दारू, वर क्रीम ऑफ व्हीट आणि तोंडाला मेण अशी पुंगळी उडवतात. क्रीम ऑफ व्हीट म्हणजे आपला रवाच. मी स्वतः करत नाही. छापील डेटातला सौम्य लोड (दारूचं माप) आणि साधी गोळी घेऊन तेच काम होतं, शिवाय नेमाचा सरावही.

खवचट

उपमा करताना दारू घालायची राहिली तर फायर फॉर्मिंग होत नाही, हे अनुभवानं सांगतो. बायको मात्र फुगते.

ओहायोकर

खवचटराव 🙏

माझ्या बाबतीत रव्याची गरज नाही. बुडाशी फक्त दशांश मिलिमीटरचा फरक आहे. पहिल्या सौम्य लोडनं बुडाच्या जरा वर अंग चेंबरला टेकेल, एक बारीक फुगवटा दिसेल. तो दिसायला बरा नाही, पण कड नीट टेकलेली असेल तर घातक नाही. कडेवर हेडस्पेस घेणाऱ्या, म्हणजे चेंबरमध्ये कडेवर टेकून बसणाऱ्या, पुंगळीचा हा फायदा. कड नसलेली पुंगळी खांद्यावर टेकते, तिथे खांदा चुकून जास्त मागे गेला की पुंगळी चेंबरमध्ये सैल बसते, उडताना लांबते आणि बुडाच्या वर फाटते. म्हणून एकदा उडवलेल्या प्रत्येक पुंगळीत तारेचा आकडा घालून आतून चाचपायचं. बुडाच्या वर खाच लागली की ती बाद.

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, कारण इंग्रजी चर्चांत ती निसटते. एम९५ मध्ये काडतुसं पाचाच्या क्लिपमध्ये बसवून, क्लिपसकट घालतात. म्हणजे कड चेंबर आणि बोल्टबरोबर क्लिपमध्येही बसायला हवी. १४.४ ची कड माझ्या क्लिपमध्ये घट्ट जाते, शेवटचं काडतूस वर सरकत नाही. एकेक घालून उडवायचं असेल तर प्रश्न नाही, क्लिप वापरायची तर कड उतरवावी लागणार.

आता क्रम असा ठरवतोय: मान फाकवणे, डाय, लांबी, तोंडाची आत-बाहेर धार मारणे, मानेची जाडी, ताव, कड. आणि त्याआधी बॅरलमधून मऊ शिशाची गोळी ठोकून खोबणींचा व्यास घेणे. शंभर वर्षांच्या बॅरलला ८.२ ची गोळी पुरेल हे गृहीत धरायला मी तयार नाही.

लेथवाला

ताव देऊन झाल्यावर कड टर्न करणार? उलटं करा की. कड आधी, मान कडक असताना. कॉलेटमध्ये (लेथच्या पकडीत) धरताना मऊ मान दबली तर सगळी मेहनत वाया. किंवा मानेत घट्ट बसेल असा पोलादी मँड्रेल (आतून आधार देणारा दांडा) करून घ्या, अंगाला कॉलेट, तोंडाला मँड्रेल. आणि व्यासाबरोबर जाडी पण उतरवायची आहे का? ते लिहिलेलं नाही.

ओहायोकर

लेथवाले, कड आधी हे मान्य, क्रम बदलतो.

जाडी मोजून ठरवणार. एक पुंगळी तशीच चेंबरमध्ये घालून पाहिली, बोल्ट शेवटी जरा जोर लावून बंद होतो, म्हणजे थोडी उतरवावी लागेलच.

लेथवाला

मग कुठल्या बाजूनं कट मारणार? मागच्या बाजूनं मारलात तर प्रायमरचा खड्डा उथळ होईल आणि प्रायमर बुडाच्या वर डोकावेल. बोल्ट आपटला तर?

ओहायोकर

पुढच्या बाजूनं, मानेकडच्या. मागची बाजू अजिबात नाही, प्रायमरच्या खड्ड्याची खोली जशी आहे तशी राहायला हवी. पुढची बाजू घेताना कड आणि अंग यांच्या कोपऱ्यात टूलची टोकदार खूण राहता कामा नये, तिथून चीर सुटते. नाकाला थोडी त्रिज्या असलेलं टूल वापरतो.

लेथवाला

०.२ ची त्रिज्या घ्या. स्पीड जास्त, फीड कमी, केरोसीनचा थेंब. आणि पहिल्या फेरीत एकच करा. बोल्ट बोटाच्या जोरावर बंद झाला की मायक्रोमीटरचं माप लिहून ठेवा, स्टॉप लावा आणि मग बाकीच्या घ्या.